वजन कमी करायच्या ऑपरेशनआधी वजन कमी करायला का सांगतात?

"तेच जमलं असतं तर इथे कशाला आले असते?" सर्जनच्या खोलीतून बाहेर येऊन ताई बाकावर बसली आणि हळू आवाजात, पण चिडून, एवढंच म्हणाली. हातात एक छापील कागद होता. ऑपरेशनआधीचे दोन आठवडे दिवसाला ८०० ते १००० कॅलरींचा आहार, एन्डोस्कोपी, झोपेची तपासणी, रक्ताच्या डझनभर चाचण्या, आहारतज्ज्ञांची भेट, मानसोपचारतज्ज्ञांची भेट. वीस वर्षं पथ्यं करून थकलेल्या माणसाला हे वाचताना वाटतं, की आपली पुन्हा एकदा परीक्षा घेताहेत आणि नापास झालो तर परत पाठवणार.

मलाही तसंच वाटलं होतं. पुढचे तीन महिने तिच्या प्रत्येक भेटीला मी सोबत बसले, डॉक्टरांना खोदून खोदून विचारलं, आणि माझं मत पार बदललं. ऑपरेशन तास-दीड तासात उरकतं. ते सुखरूप पार पडणं आणि पुढे टिकणं हे मात्र बरंचसं आधीच्या आठवड्यांत ठरतं. त्या कागदावरच्या एकेका ओळीमागचं कारण तेव्हाच कोणी सांगितलं असतं, तर ताई चिडली नसती. ते कारण इथे सांगते.

आधी एवढं समजून घेऊ: ऑपरेशन करतं काय?

वजन कमी करण्यासाठी जठराचा आकार, आणि काही प्रकारांत अन्नाची आतड्यातली वाटही, बदलणाऱ्या शस्त्रक्रियेला बेरिॲट्रिक सर्जरी म्हणतात. पोटावरची चरबी काढतात असा पुष्कळांचा समज असतो. चरबीला इथे कोणी हातही लावत नाही.

आज सर्वांत जास्त होणारे प्रकार दोन. पहिला स्लीव्ह. स्लीव्ह म्हणजे बाही. जठराचा साधारण ७५ ते ८० टक्के भाग काढून टाकतात आणि सदऱ्याच्या बाहीसारखी अरुंद नळी शिल्लक ठेवतात. दुसरा बायपास. जठराच्या वरच्या टोकाला जेमतेम ३० मिलिलिटरची, म्हणजे दोन मोठे चमचे मावतील एवढी, पिशवी वेगळी करतात आणि ती लहान आतड्याच्या पुढच्या भागाला जोडतात. अन्न उरलेल्या जठराला वळसा घालून जातं.

बायपासची सुरुवात १९६६ सालची, अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठातली. अल्सरसाठी जठराचा भाग काढलेल्या रुग्णांचं वजन उतरतं आणि सहजी वाढत नाही, हे एडवर्ड मेसन या सर्जननी हेरलं होतं. १९९४ मध्ये दुर्बिणीतून केलेल्या बायपासचा पहिला अहवाल प्रसिद्ध झाला आणि मोठ्या छेदाऐवजी चार-पाच छोट्या छिद्रांतून हे काम होऊ लागलं.

जठर लहान झालं की माणूस कमी खातो, हे उघडच आहे. पण खरी गंमत भुकेत आहे. आपण कमी खाऊ लागलो, की शरीराला दुष्काळ पडल्यासारखं वाटतं. भूक चाळवणारं घ्रेलिन नावाचं संप्रेरक वाढतं आणि वजन उतरल्यावरही पुष्कळ महिने वाढलेलंच राहतं. हे संप्रेरक १९९९ मध्ये जपानी संशोधकांनी शोधून काढलं. पथ्य करून १५ किलो उतरवलेला माणूस वर्षभरात पुन्हा मूळ पदावर येतो, तेव्हा लोक त्याच्या इच्छाशक्तीला नावं ठेवतात. त्याचं शरीर रोज त्याच्याविरुद्ध ओढत असतं, हे कोणी लक्षात घेत नाही. घ्रेलिन मुख्यतः जठराच्या ज्या भागात तयार होतं, तो भाग स्लीव्हमध्ये काढला जातो. बायपासनंतर अन्न लवकर खालच्या आतड्यात पोचतं आणि पोट भरल्याची खूण देणारी संप्रेरकं जोरात वाढतात. भूकच मंदावते. म्हणून तर बायपासनंतर कित्येकांची रक्तातली साखर वजन उतरायच्या आधीच, काही दिवसांत, सुधारू लागते.

कोणाला सुचवतात?

बीएमआय हा शब्द इथे टळत नाही. किलोमधल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गानं भागलं की तो आकडा मिळतो. उंची १६० सेंटिमीटर आणि वजन ९६ किलो असेल, तर ९६ भागिले २.५६, म्हणजे ३७.५. १९९१ पासून कित्येक वर्षं ४०, किंवा सोबत मधुमेह-रक्तदाबासारखा आजार असेल तर ३५, अशी रेघ होती. २०२२ मध्ये या क्षेत्रातल्या दोन मोठ्या आंतरराष्ट्रीय संघटनांनी ती खाली आणली: ३५ असेल तर इतर आजार नसतानाही, आणि ३० ते ३५ च्या दरम्यान मधुमेहासारखा चयापचयाचा आजार असेल तर. आशियाई वंशाच्या लोकांना कमी वजनातच मधुमेह गाठतो, त्यामुळे त्यांच्यासाठी २७.५ पासूनच विचार करावा असं त्या सांगतात. आकडा बसला म्हणजे ऑपरेशन झालंच पाहिजे असं नाही, सर्जनशी बोलायला हरकत नाही एवढाच त्याचा अर्थ.

मग आधी वजन का उतरवायचं?

उत्तर यकृतात आहे. सर्जननी ताईला कागदावर चित्र काढून दाखवलं, तेव्हा पहिल्यांदा तिच्या कपाळावरची आठी गेली.

यकृताची डावी पाळ जठराच्या वरच्या भागावर झाकणासारखी पसरलेली असते. दुर्बिणीतून जठरापर्यंत पोचायचं तर आधी हे झाकण एका उपकरणानं उचलून धरावं लागतं. वजन फार असलेल्या बहुतेकांच्या यकृतात चरबी साठलेली असते. असं यकृत मोठं, जड आणि ठिसूळ होतं. उचलताना फाटतं, रक्त येतं. फारच मोठं असेल तर जठर नीट दिसतच नाही, आणि मग पोट उघडून ऑपरेशन करण्याची किंवा अर्ध्यातच थांबण्याची वेळ येऊ शकते.

आता पाण्यानं निथळणारी गोधडी डोळ्यांपुढे आणा. एकट्यानं उचलवत नाही. तीच पिळून वाळवली तर एका हातानं दोरीवर टाकता येते. यकृत साखरेचा साठा ग्लायकोजेन या रूपात ठेवतं, आणि त्याचा प्रत्येक ग्रॅम तीनेक ग्रॅम पाणी धरून बसतो. पिष्टमय आणि गोड पदार्थ एकदम कमी केले, की शरीर हा साठा वापरतं, पाणी सुटतं, पाठोपाठ यकृतातली चरबीही जळू लागते. यकृताचा आकार जो काय कमी व्हायचा, त्यातला बराचसा पहिल्या दोन आठवड्यांतच होतो. म्हणून दोन आठवडे. काट्यावर किती किलो उतरले यापेक्षा हे झाकण हलकं झालं का, याच्याशी सर्जनना मतलब असतो.

हे कळल्यावर ताईनं एक प्रश्न विचारला, तो माझ्या मनात राहिला: "म्हणजे मला आयुष्यभराचं पथ्य जमतं का, हे तुम्ही बघत नाही आहात?" डॉक्टर म्हणाले, "नाही. चौदा दिवस फक्त. आणि ते तुमच्यासाठी आहेत." चौदा दिवस तिनं काढले. पहिले चार दिवस डोकं दुखलं, चिडचिड झाली, पाचव्या दिवसापासून भूक बरीच शांत झाली. ऑपरेशनच्या आदल्या आठवड्यात शेवटचं म्हणून मनसोक्त खाऊन घ्यावं असं अनेकांना वाटतं आणि घरचेही प्रेमानं आग्रह करतात. तो मोह आवराच. तेवढ्यानं यकृत पुन्हा फुगतं.

मधुमेहाचे रुग्ण असाल, तर हा आहार स्वतःच्या मनानं मुळीच सुरू करू नका. खाणं अचानक घटलं आणि इन्सुलिनचा किंवा गोळ्यांचा डोस तोच राहिला, तर साखर धोकादायक खाली जाते.

इतक्या तपासण्या कशाला?

प्रत्येक तपासणी एका ठरावीक धोक्याचा माग काढते. एन्डोस्कोपीत जठरात जखम, हर्निया किंवा एच. पायलोरी हा जंतू आहे का ते दिसतं. छातीत जळजळ होण्याचा जुना त्रास असेल, तर स्लीव्हनंतर तो वाढू शकतो, त्यामुळे स्लीव्ह की बायपास हे कधी कधी इथेच ठरतं. सोनोग्राफीत पित्ताशयातले खडे दिसतात. वजन झपाट्यानं उतरताना नवे खडे होण्याचा संभव वाढतो, म्हणून पुष्कळ डॉक्टर ऑपरेशननंतर सहा महिने त्यासाठी गोळी देतात.

रक्ताच्या चाचण्यांनी ताईला धक्का दिला. शंभर किलोंच्या वर वजन, आणि ड जीवनसत्त्व तळाला, लोहही कमी! भरपूर खाणं आणि पोषण मिळणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ऑपरेशननंतर खाणं आणि शोषण दोन्ही घटतात, त्यामुळे हे खड्डे आधीच भरून घ्यावे लागतात.

झोपेच्या तपासणीवर जरा थांबते, कारण लोक हीच टाळतात. झोपेत घसा मिटून श्वास वारंवार अडतो, त्याला स्लीप ॲप्निया म्हणतात. मोठ्यानं घोरणं, मध्येच श्वास थांबून दचकून जागं होणं, दिवसा पेंग येणं ही त्याची लक्षणं. वजन जास्त असलेल्यांत तो फार आढळतो आणि बहुतेकांना त्याचा पत्ताच नसतो. भूल आणि वेदनाशामक औषधं घसा आणखी सैल करतात. आधी निदान झालं असेल तर भूलतज्ज्ञ तयारीत राहतात, आणि हवेच्या दाबानं घसा उघडा ठेवणारं सीपॅप यंत्र काही आठवडे आधीपासून वापरता येतं. तुम्ही घोरता का, हे तुमच्याशेजारी झोपणाऱ्याला विचारा. आपलं आपल्याला कधीच कळत नाही.

"मानसोपचारतज्ज्ञांकडे का पाठवता? मला काय वेड लागलंय?"

ही शंका जवळजवळ प्रत्येकाच्या मनात येते, आणि तिच्यामागे दुखावलेपण असतं. आयुष्यभर वजनावरून बोलणी ऐकलेल्या माणसाला आणखी एक शिक्का नको असतो.

तिथे विचारतात ते साधंच असतं. एकटेपणात, रागात, थकव्यात तुम्ही खाता का? हात थांबतच नाही असं कधी होतं का? दारू किती? घरात कोण साथ देईल? खाणं हा ज्याचा एकमेव विसावा आहे, त्याचा तो विसावा ऑपरेशन एका दिवसात काढून घेतं. त्या जागी काय येणार, याचा विचार आधी झालेला बरा. दारूचा प्रश्न विशेष महत्त्वाचा आहे, कारण बायपासनंतर दारू रक्तात फार लवकर आणि जास्त चढते आणि व्यसनाचा धोका वाढतो. खरं उत्तर दिलं तर ऑपरेशन नाकारतील, या भीतीनं लपवू नका. सहसा नाकारत नाहीत. थोडं पुढे ढकलून आधी त्यावर उपचार करतात.

औषधांची वही

आमच्या घरातलं सर्वांत उपयोगी काम म्हणजे एक शंभर पानी वही. पहिल्या पानावर ताई घेत असलेली सगळी औषधं: नाव, डोस, कशासाठी, किती वाजता. गुडघेदुखीची अधूनमधून घेतलेली गोळी, झोपेची गोळी आणि काढेसुद्धा. भूलतज्ज्ञांनी ते पान दोनदा वाचलं आणि तीन नावांभोवती गोल केले.

काही गोष्टी मुद्दाम विचारायच्या असतात. रक्त पातळ करणारी औषधं कधी थांबवायची, हे ठरवून घ्या. इस्ट्रोजेन असलेल्या गर्भनिरोधक गोळ्यांनी रक्ताच्या गुठळ्यांचा धोका वाढतो, त्यामुळे त्या आधी बंद करायला सांगू शकतात. मधुमेहावरची डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गटातली औषधं ऑपरेशनच्या किमान तीन दिवस आधी थांबवतात. नाहीतर उपाशीपणात रक्तात कीटोन नावाची आम्लं साठतात, तीही साखरेचा आकडा ठीक दिसत असताना. सेमाग्लुटाइडसारखी इंजेक्शनं घेत असाल तर भूलतज्ज्ञांना सांगाच, कारण त्यांनी जठर सावकाश रिकामं होतं आणि भूल देताना पोटातलं अन्न फुप्फुसात जाण्याचा धोका असतो. यातलं काहीही डॉक्टरांना न विचारता बंद करू नका, चालूही ठेवू नका. बायपास होणार असेल, तर आयब्युप्रोफेनसारख्या वेदनाशामक गोळ्या पुढे कायमच्या वर्ज्य होतात, कारण जोडावर अल्सर होतो. सांधेदुखी असणाऱ्यांनी त्याला पर्याय आधीच विचारून ठेवावा.

सिगारेट, विडी, तंबाखू याबद्दल मात्र तडजोड नाही. किमान सहा आठवडे आधी बंद. निकोटिन रक्तवाहिन्या आवळतं, शिवलेल्या जागेला रक्त कमी पोचतं, जखम भरत नाही.

खाण्याची तालीम

आहारतज्ज्ञांनी ताईला ३० मिलिलिटरचा, औषधाच्या बाटलीवर असतो तसा, छोटा कप दिला आणि म्हणाल्या, "आजपासून पाणी यातून प्या. एक कप, मग पाच मिनिटं थांबा." आधी मला हा खेळ वाटला. चौथ्या दिवशी लक्षात आलं, की ताई घोट घेऊन कप खाली ठेवायला शिकली होती. इतकी वर्षं ती तांब्यातून घटाघटा प्यायची.

ऑपरेशननंतरचे नियम हाताला आधीच वळण लागलेलं असेल तरच पाळता येतात. घास अगदी लगदा होईपर्यंत चावायचा. चमचा खाली ठेवून मगच चावायचं. जेवताना पाणी नाही, नंतरही अर्धा तास नाही. आधी प्रथिनं, मग बाकीचं, कारण दिवसाला ६० ते ८० ग्रॅम प्रथिनं लागतात आणि पोटात जागा फारच थोडी. ऑपरेशननंतर आधी पातळ, मग वाटलेलं, मग मऊ, असं करत साध्या जेवणावर यायला सहा ते आठ आठवडे लागतात. बायपासनंतर गोड पदार्थ भरभर खाल्ले तर घाम, धडधड, पोटात कळ, जुलाब असा त्रास होतो. त्याला डंपिंग म्हणतात.

आणि गोळ्या: बहुजीवनसत्त्व, बी-१२, ड जीवनसत्त्व, कॅल्शियम, अनेकांना लोह. आयुष्यभर. कॅल्शियम आणि लोह एकत्र घेतले तर लोह नीट शोषलं जात नाही, त्यामुळे दोहोंत दोन तासांचं अंतर ठेवतात. दर वर्षी रक्त तपासायचं. ज्यांना हे मनापासून मान्य नाही त्यांनी ऑपरेशनचा पुनर्विचार करावा, असं मी स्पष्ट सांगेन. बी-१२ किंवा बी-१ ची कमतरता मज्जातंतूंना कायमची इजा करू शकते.

मूल हवं असणाऱ्या स्त्रियांसाठी एक गोष्ट. वजन उतरलं की पाळी नियमित होते आणि गर्भ राहण्याची शक्यता अचानक वाढते, पण पहिले १२ ते १८ महिने गर्भधारणा टाळायला सांगतात. बायपासनंतर गर्भनिरोधक गोळ्यांवर भरवसा ठेवता येत नाही, म्हणून दुसरं साधन आधीच ठरवा.

"आता इंजेक्शनं आली आहेत, मग चिरफाड कशाला?"

रास्त प्रश्न आहे. चाचण्यांमध्ये सेमाग्लुटाइडनं सरासरी १५ टक्के आणि टिर्झेपटाइडच्या मोठ्या डोसनं २० टक्क्यांच्या आसपास वजन उतरलं. स्लीव्हनंतर साधारण २५ टक्के, बायपासनंतर ३० टक्क्यांच्या आसपास उतरतं. औषध थांबवलं की वजन परत येतं: सेमाग्लुटाइड बंद केल्यावर वर्षभरात उतरलेल्या वजनाचा दोन-तृतीयांश भाग परत आला. ज्याला थोडं वजन उतरवायचं आहे किंवा भूल देणं धोक्याचं आहे, त्याच्यासाठी इंजेक्शन चांगलं. वजन फार जास्त आणि सोबत मधुमेह असेल, तर ऑपरेशनचं पारडं अजून जड आहे. काहींना दोन्ही लागतात, आणि त्यात कमीपणा नाही.

"जिवाला धोका किती?"

अनुभवी हातांत, पहिल्या महिन्यात मृत्यूचं प्रमाण हजारात एकाच्या आसपास आहे, साधारण पित्ताशयाच्या ऑपरेशनच्या पंक्तीतलं. दुसऱ्या पारड्यात न केलेल्या ऑपरेशनचा धोकाही ठेवायला हवा. स्वीडनमध्ये १९८७ पासून चाललेल्या मोठ्या अभ्यासात ऑपरेशन झालेले दोन हजारांवर रुग्ण आणि न झालेले तितकेच जण यांची तुलना केली. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत, सरासरी अकरा वर्षांनंतर, ऑपरेशन झालेल्यांत मृत्यू सुमारे २९ टक्क्यांनी कमी होते.

तरीही सर्जनना थेट विचारा: तुम्ही अशी किती केलीत, गुंतागुंत किती झाली, रात्री-अपरात्री काही झालं तर फोन कोण उचलेल? चांगला सर्जन या प्रश्नांनी नाराज होत नाही.

"वजन परत वाढलं तर?"

थोडं वाढतंच. सर्वांत कमी वजन वर्ष-दीड वर्षात येतं, त्यानंतर काही किलो परत येणं सामान्य आहे. भूकही हळूहळू थोडी परतते. तिसऱ्या ते सहाव्या महिन्यात केस गळतात आणि बहुतेकांचे परत येतात. कातडी लोंबते, ती व्यायामानं पूर्ण आवळत नाही. हे आधी माहीत असलं, की आरशासमोर रडू येत नाही, किंवा कमी येतं.

शेवटचे दोन दिवस

घट्ट अन्न साधारण सहा तास आधी आणि स्वच्छ पाणी दोन तास आधीपर्यंत, असा सर्वसाधारण नियम असला, तरी तुमच्या भूलतज्ज्ञांनी दिलेली वेळच पाळा. सैल कपडे, सीपॅप असेल तर तो, औषधांची वही, तो छोटा कप. ऑपरेशनच्या दिवशीच संध्याकाळी उठवून चालवतील. पायांत रक्ताच्या गुठळ्या होऊ नयेत म्हणून ते करतात, तेव्हा कितीही जिवावर आलं तरी चाला. ताई पहिल्यांदा पलंगापासून दारापर्यंत गेली आणि परत आली.

घरी आणल्यावर मी एक कागद तिच्या उशाशी भिंतीवर चिकटवला. वर सर्जनच्या कक्षाचा नंबर. खाली: नाडी स्वस्थ बसलेली असताना १२० च्या वर, ताप, वाढत जाणारी पोटदुखी, खांद्यात कळ, धाप, पोटरीला सूज, पाण्याचा घोटही न टिकणं. यातलं एक जरी दिसलं तरी सकाळची वाट पाहायची नाही, लगेच फोन.